तिसऱ्या बटणाच्या वर

इनास लोपीसचा उजवा हात एका विनोदापायी गेला, आणि हे सांगताना आमच्या वाडीत आजही कोणी तोंड पाडत नाही. राजोडीच्या वाटेवरची ही वाडी. केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, मधेमधे बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारी जुनी तळी, आणि लग्नसराईत घराआड एक मांडव. इथल्या लग्नात केक कापून झाला की टोस्ट उचलतात. एक माणूस वाईनचा पेला उजव्या हातात घेऊन उभा राहतो, नवरानवरीचं कौतुक करतो, लोकांना हसवतो. मग बँड एक धून वाजवतो आणि ती संपायच्या आत त्या माणसाने पेला ओठांना लावायचा. पहिला घोट त्याचा. तो घोट घेऊन त्याचा पेला खाली येत नाही तोवर मांडवात कोणीही पेल्याला तोंड लावायचं नाही, मग पाहुणा कुवेतहून रजा टाकून आलेला का असेना. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, पण मोडताना कोणी पाहिलेलं नाही.

इनास पोटासाठी केळी पिकवायचा आणि जिवासाठी टोस्ट उचलायचा. त्याच्यात खोड एकच. विनोद पुरता सांगून व्हायच्या आत तो स्वतःच हसत सुटायचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लोक विनोदाला हसतात की इनासला, हे विचारायची गरज कधी कोणाला पडली नाही.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात तो असाच एका लग्नाला स्कूटरवरून निघाला. एरवी त्याची बायको मार्गारेट मागे बसायची, पण त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती, म्हणून स्वारी एकटीच. वाटेत त्याला टोस्टसाठी नवा विनोद सुचला. चालत्या स्कूटरवर सुचला आणि चालत्या स्कूटरवरच तो हसला. वळण आलं तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. स्कूटर मोरीच्या कठड्यावर, आहेरासाठी घेतलेला केळ्यांचा घड रस्ताभर, आणि इनास उजव्या खांद्यावर.

हाड एकही मोडलं नाही म्हणून घरच्यांनी आधी देवाचे आभार मानले. नंतर कळलं की खांद्याला बसलेल्या हिसक्याने मानेतून हातात उतरणाऱ्या नसा तुटल्या आहेत. बोटं हलत होती, मूठ वळत होती, पण कोपर काही केल्या वाकत नव्हतं. इस्पितळात शुद्धीवर आल्याआल्या इनासने पहिलं काय मागितलं असेल तर रिकामा पेला. तो त्याने मुठीत धरला. वर नेऊ गेला, तर पेला मांडीपाशीच. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग पेला मार्गारेटच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आणि तो विनोद? तो डोक्यातून साफ पुसला गेला होता. हाताचं दुःख होतंच, पण विनोद गेल्याचं दुःख त्याहून मोठं. "लय भारी होता गं," तो मार्गारेटला परत परत सांगायचा. "इतका भारी, की हात गेला."

मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांमधल्या काही नसा काढून दंडाच्या स्नायूला जोडल्या. "या श्वासाच्या नसा आहेत," ते म्हणाले. "जुळून आल्या तर तुम्ही मोठा श्वास घेतलात की कोपर वाकेल. पण वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. धीर धरा."

"आनी डॉक्टर, मी झोपेत घोरलो तर?" इनासने विचारलं.

"आधी वाकू तर द्या," डॉक्टर म्हणाले.

ते वर्ष मोठं वाईट गेलं. डाव्या हाताने दाढी करताना अर्धी मिशी गेली, मग नाइलाजाने उरलेलीही काढावी लागली, आणि शेजारची कुत्री त्याच्यावर नव्याने भुंकायला लागली. डाव्या हाताने कोयता चालवला तर पिकलेला घड राहायचा आणि कच्चा खाली यायचा. शर्टाची बटणं मार्गारेट लावून द्यायची. हे सगळं इनासने हसण्यावारी नेलं. फक्त लग्नाची आमंत्रणं आली की तो बागेत निघून जायचा आणि पाणी घातलेल्या केळींना पुन्हा पाणी घालायचा. तो तिथे रडायचा. मार्गारेटला ते ठाऊक होतं आणि तिने कधी विचारलं नाही.

त्याची जागा घेतली पास्कोल सरांनी. हे मार्गारेटचे थोरले भाऊ, शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावाने सज्जन आणि बोलायला उभे राहिले की न संपणारे. त्यांचा टोस्ट आदम आणि एव्हापासून सुरू व्हायचा. नोहापर्यंत येता येता वाईन कोमट व्हायची, लहान मुलं झोपायची, आणि मागच्या रांगेतली तहानलेली मंडळी आभाळाकडे बघायला लागायची.

एका लग्नाला मार्गारेटने इनासला ओढून नेलं. भाचीचंच लग्न, नाही कसं म्हणणार? पास्कोल सर नोहाच्या तारवात शिरले होते. बोलण्याच्या भरात ते वाकले आणि त्यांच्या टायचं टोक हळूच वाईनच्या पेल्यात बुडालं. सर बोलत राहिले, टाय पीत राहिला. लाल रंग वर वर चढायला लागला. इनासने ओठ दाबले, गाल फुगवले, हसू गिळलं. आणि ज्या क्षणी त्याने ते गिळलं त्या क्षणी मांडीवर पडलेला त्याचा उजवा हात टुणकन उडाला.

"हालला!" इनास भर मांडवात ओरडला. "मार्गारेट, हालला!"

पास्कोल सरांना वाटलं आपल्याबद्दल आहे. ते म्हणाले, "मी तसूभरही हललेलो नाही," आणि पुन्हा नोहाकडे वळले.

तेव्हापासून इनासच्या घरात वेगळीच पंचाईत सुरू झाली. हात हसण्याने उडत होता, आणि हसू तोंडावर आणलं नाही तरी हाताला कळत होतं. मार्गारेट चर्चच्या गायनमंडळात वरच्या सुरात गायची. घरी सराव करून झाला की विचारायची, "कसं झालं?" इनास चेहरा दगडासारखा ठेवून म्हणायचा, "झकास." आणि हात उडायचा. दोन दिवस त्याला कालचीच आमटी मिळायची. रविवारी प्रवचनात फादर गंभीर होऊन काही बोलले की आजूबाजूचे लोक फादरकडे न बघता इनासच्या हाताकडे बघायचे. शेवटी फादरनीच त्याला खांबाआड बसायला सांगितलं.

व्यायामासाठी तो विरारच्या एका दवाखान्यात जायचा. तिथे स्वप्ना नावाची नालासोपाऱ्याची मुलगी होती, नुकतीच शिकून आलेली. तिने त्याला रागे भरून सरळ केलं. "अंकल, हसायचं नाही. डीप श्वास घ्यायचा. हसलात की हात उडतो, श्वास घेतलात की उचलला जातो. तुम्हाला उडवायचाय की उचलायचाय?"

"उचलायचाय, बाई."

मग छाती फुगव, हात वर. श्वास सोड, हात खाली. महिनामहिना हेच. हात पोटापर्यंत आला, मग शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत आला, आणि तिथे अडला. बरगड्या फुटतील एवढा श्वास इनासने घेतला, पण त्या बटणाच्या वर काही हात सरकेना. स्वप्ना म्हणाली, "सरकेल, नाहीतर नाही सरकणार. पण इथवर आलात हे पण खूप आहे, अंकल."

इनासला ते खूप नव्हतं, कारण तेवढ्यात इझाबेलचं लग्न ठरलं. इझाबेल ही त्याची एकुलती लेक, अंधेरीला ऑफिसात नोकरीला. ती लहानपणापासून बापाच्या टोस्टवर वाढलेली. लग्न जानेवारीत, आणि तिने जाहीर करून टाकलं, "टोस्ट पप्पाच उचलणार. नाहीतर टोस्टच नको."

टोस्टच नको म्हणजे पहिला घोट नको, आणि पहिला घोट नाही म्हणजे सगळा मांडव कोरडा. वाडीत खळबळ उडाली. जो तो उपाय घेऊन दारात यायला लागला.

"डाव्या हाताने उचल ना," एक म्हणाला.

"डाव्या हाताने मी मिशी घालवली," इनास म्हणाला. "लेकीचं लग्न नाय घालवनार."

"मान खाली कर. पेल्याशी तोंड ने."

"बैल आहे का मी?"

स्वप्नाने स्ट्रॉ सुचवला. त्यावर इनासने चेहरा गंभीर ठेवला, पण हात उडाला.

मग एके दिवशी अंघोळ करताना त्याला शोध लागला. बागेमागच्या बावखलात गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं की हात हलका होतो. पाणीच त्याला उचलून धरतं. श्वास घेतला की हात तिसरं बटण ओलांडून थेट नाकापर्यंत! इनास वेडापिसा झाला. तो रोज दुपारी, वाडी झोपलेली असताना, स्टीलचा पेला घेऊन बावखलात उतरायला लागला आणि बदकांसमोर टोस्टचा सराव करायला लागला. हात पाण्यात असं करायला शिकला तर बाहेरही करेल, असा त्याचा हिशेब.

अर्नाळ्याची पुतळाबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्या वाटेने यायची. त्या दुपारी तिने बघितलं ते असं. बावखलात फक्त एक डोकं. ते डोकं रडवेल्या आवाजात म्हणत होतं, "मंडळी, माझ्या हातून काय चुकलं असेल तर पदरात घ्या. आता मी तुमचा निरोप घेतो." हा टोस्टचा शेवट होता. मग डोक्याने मोठा श्वास घेतला आणि पाय घसरून ते पाण्याखाली गेलं.

पुतळाबाईने पाटी टाकली आणि अशी बोंब ठोकली की बदकं उडाली. "धावा रं! इनासदादानं जीव दिला! पान्यात जीव दिला!"

सगळ्यात आधी पोचले पास्कोल सर. मेव्हण्याच्या ओढीने त्यांनी चष्म्यासकट, चपलांसकट पाण्यात उडी घेतली. उडी घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पोहता येत नाही. इनास वर आला तर समोर सर गटांगळ्या खातायत. त्याने डाव्या हाताने त्यांची कॉलर धरली आणि ओढत काठाला आणलं. उजव्या हातात पेला तसाच होता.

"इनास," सर पाणी ओकत म्हणाले, "जीवन हे अनमोल आहे."

"मी टोस्टचा सराव करत होतो, सर."

पुतळाबाई दोघांवरही भडकली. तिची अख्खी पाटी बोंबिलांसकट मातीत गेली होती. त्या संध्याकाळी वाडीतल्या निम्म्या घरांनी माती लागलेले बोंबील घेतले, धुतले आणि तळले.

पण त्या उडीने सरावाचं गुपित फुटलं आणि गोष्ट बिघडली. घरात बैठक झाली. जमिनीवर, कोरड्या हवेत, हात अजून तिसऱ्या बटणालाच अडतो हे इनासला कबूल करावं लागलं. मग तडजोड ठरली. टोस्ट इनासच बोलणार, पेला तोच धरणार. बँडची धून सुरू झाली की तो उचलायला लागणार. धून संपेपर्यंत पेला ओठांना लागला तर ठीक, नाहीतर शेजारी पास्कोल सर भरलेला पेला घेऊन उभे असतील, ते पहिला घोट घेतील. मार्गारेट रुमाल घेऊन मागे उभी राहील, सांडलं तर पुसायला. इझाबेलने मान खाली घातली आणि हो म्हटलं. त्या रात्री इनास जेवला नाही.

लग्नाचा दिवस आला. मांडवात सगळी वाडी, मुंबईचे, कुवेतचे, अर्नाळ्याहून पुतळाबाईसुद्धा, नवं लुगडं नेसून. स्वप्ना पुढच्या रांगेत होती आणि येता येता तिने बजावलं होतं, "अंकल, एकही जोक नाही. हसलात तर वाईन उडेल." म्हणून इनासने टोस्ट अगदी सुका लिहिला होता. त्यात फक्त आभार होते.

केक कापला. इनास उभा राहिला, पेला उजव्या मुठीत, हात सरळ खाली. "फादर, नवरानवरी, जमलेले सगळे," त्याने सुरुवात केली. त्याने फादरचे आभार मानले, केकवाल्याचे मानले, मांडववाल्याचे मानले. लोक वाट बघत होते की आता काहीतरी येईल, आणि येत काही नव्हतं. मागून कोणीतरी पुटपुटलं, "याच्यापेक्षा नोहा बरा होता." इझाबेल गजऱ्याशी चाळा करत बापाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. इनासला ते दिसलं आणि पुढचं वाक्यच हरवलं.

"व्याह्यांचे आभार," मागून मार्गारेट कुजबुजली.

"व्याह्यांचे आभार," इनास म्हणाला.

"तिकडं नाय. डावीकडं. डावीकडं वळा."

इनास डावीकडे वळला, आणि वळता वळता थबकला. त्याचा जबडा खाली आला.

"आठवला!" तो म्हणाला.

"काय आठवलं?" सर दचकले.

"विनोद! स्कूटरवरचा!" तो मांडवाकडे वळला. आता त्याच्या डोळ्यांत जुना इनास होता. "मंडळी, ऐका. लगीन म्हनजे स्कूटर. पुढं बसतो त्याला वाटतं, मी चालवतो. आनी कुटं वळायचं ते मागं बसलेली सांगते!"

मांडव एकदम हसला. बायका सगळ्यात जास्त. आणि इनास, अर्थात, सगळ्यांच्या आधी. हात सुटला, पोट ओलांडलं, तिसरं बटण ओलांडलं आणि टायच्या गाठीपर्यंत उडाला. निम्मी वाईन पास्कोल सरांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. सरांनी आपला टाय सावरला, तो कोरडा होता, आणि त्यांनाही हसू फुटलं.

बँडवाल्यांना वाटलं, उचलला! त्यांनी धून सुरू केली. पण हसू ओसरलं तसा हात खाली यायला लागला. इनासने श्वास घेतला. हात बटणापाशी अडला. पेल्यात अजून वाईन होती. सरांनी आपला पेला हळूच सावरला. इझाबेल उठून उभी राहिली होती.

इनास तिच्याकडे बघत होता. बोलायचं संपलं होतं, पण तो बोलला. "पोरी, हाच विनोद. यालाच मी हसलो. आनी त्या दिवशी माझ्या मागं कोनी नव्हतं. वळ म्हनून सांगायला कोनी नव्हतं."

आणि त्याला रडू कोसळलं. भर मांडवात, सुटाबुटात, हुंदके देऊन. हसण्याने हात उडतो, श्वासाने उचलला जातो, हे त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. रडण्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. एक हुंदका आला आणि पेला टायपर्यंत चढला. हुंदका ओसरला, पेला खाली. दुसरा आला, पेला हनुवटीला. पाहुण्यांना वाटलं ही टोस्टची नवी पद्धत असेल. त्यांनीही पेले वर नेले, खाली आणले, पुन्हा वर नेले. बँडवाले गोंधळले. धून शेवटापर्यंत आली होती, ती त्यांनी शेवटच्या ओळीपासून पुन्हा सुरू केली, मग पुन्हा. कुवेतचा पाहुणा पेला वरखाली करता करता स्वतःच रडायला लागला.

"घ्या," मागून मार्गारेट म्हणाली. तिचा हात त्याच्या पाठीवर होता. "मोठ्ठा घ्या."

इनासने हुंदक्यासकट श्वास आत ओढला, सगळ्या बरगड्यांनी. हात चढला. मान खाली न करता, डाव्या हाताची मदत न घेता, पेला ओठांना लागला. त्याने घोट घेतला. मग आणखी एक घेतला, कारण दोन वर्षांचा राहिला होता. बँड थांबला, आणि सगळा मांडव श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिला.

हात वरच होता. इनासला आता तो खाली आणायचाच नव्हता.

"आता सोडा," मार्गारेट मागून म्हणाली. "श्वास सोडा. लोक तहानलेत."